लाट ओल्या केसांतच बसते

फिंगर वेव्ह शिकायची ठरली की बहुतेकींचा पहिला हात गरम चिमट्याकडे जातो. तो आधी मागे घ्या. कपाळावरून कानाकडे उतरत गेलेल्या, डोक्याला चिकटून बसलेल्या त्या नागमोडी लाटा गरम लोखंडाने होत नाहीत. त्या होतात पाण्याने, चिकट लोशनने, कंगव्याने आणि दोन बोटांनी. पक्क्या होतात त्या केस वाळताना. चिमट्याने वळवून ब्रशने फुलवलेल्या मोठ्या लाटांना पार्लरमध्ये हल्ली ‘हॉलिवूड वेव्हज’ म्हणतात. त्या छान दिसतात, रिसेप्शनला शोभतात, पण ते काम वेगळं आणि हे वेगळं. एकाचा सराव दुसऱ्यात फारसा उपयोगी पडत नाही.

ओल्या केसांचाच आग्रह का, हे एकदा समजून घेतलं की पुढच्या निम्म्या चुका टळतात. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. त्या प्रथिनाच्या साखळ्यांना एकमेकींशी धरून ठेवणारे असंख्य हायड्रोजन बंध असतात. पाणी शिरलं की ते सुटतात आणि केस वाळताना, तो ज्या आकारात असेल त्या आकारात, पुन्हा जुळतात. ओल्या केसांची वेणी घालून झोपलं की सकाळी केसांना वळसे पडलेले असतात, ते याचमुळे. म्हणजे कंगव्याने तुम्ही लाट फक्त मांडता. ती बसवायचं काम वाळणं करतं. अर्धवट वाळलेले केस सोडले तर लाट उतरणार, आणि मांडता मांडता केस वाळून गेले तर ती बसणारच नाही. आपल्याकडच्या पावसाळ्यात, विशेषतः मुंबईत आणि कोकणात, हवेतलं पाणीच केसात शिरतं आणि हेच बंध परत सैल करतं. त्यामुळे जुलैत मेहनत दुप्पट आणि टिकाऊपणा निम्मा, हे गृहीत धरा.

या पद्धतीचा जन्म पाश्चात्त्य शहरांतला, १९२० च्या दशकातला. त्याआधी पॅरिसचे केशरचनाकार मार्सेल ग्रातो यांनी १८७० च्या दशकात तापवलेल्या चिमट्याने लाटा काढायची रीत रूढ केली होती. ती ‘मार्सेल वेव्ह’. पहिल्या महायुद्धानंतर युरोप-अमेरिकेतल्या बायकांनी केस मानेपर्यंत कापले, बॉब आला, आणि त्या आखूड केसांना बाईपण परत द्यायला म्हणा किंवा टोपीखाली नीट बसावेत म्हणून म्हणा, ओल्या लाटांची चलती झाली. पॅरिस गाजवणाऱ्या जोसेफीन बेकर यांचे डोक्याला चोपून बसवलेले आखूड केस इतके प्रसिद्ध होते की त्यांच्या नावाने ‘बेकरफिक्स’ नावाचं केसांना लावायचं पोमेड विकलं गेलं. हॉलिवूडमध्ये नॉर्मा शिअररपासून जीन हार्लोपर्यंत सगळ्यांनी या लाटा वापरल्या. कृष्णधवल चित्रपटाला त्या सोयीच्याही होत्या, कारण लाटेच्या कडेवर दिवा चमकतो आणि खळग्यात सावली बसते. रंग नसला तरी केस उठून दिसतात. आपल्या मूकपटांतही हे वारं पोहोचलं होतं. पुण्यात जन्मलेल्या रूबी मायर्स, म्हणजे पडद्यावरच्या सुलोचना (आपल्या सुलोचनादीदी लाटकर नव्हेत, त्या नंतरच्या), यांची त्या काळातली छायाचित्रं मिळाली तर अवश्य बघा. आणि हे सगळं जुन्यातच जमा झालं असंही नाही. १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांनी घट्ट जेल लावून या लाटा नव्याने आणल्या. मिसी एलियट यांच्या १९९७ च्या ‘द रेन’ या गाण्याच्या व्हिडिओत त्या ठळक दिसतात. लाटेची कड कशी हवी हे शिकायला तो व्हिडिओ थांबवून थांबवून पाहावा, इतका चांगला आहे.

केस कोणते, तेल किती

हनुवटीपर्यंतचे, मऊ किंवा मध्यम जाडीचे, थोडेसे लहरी केस सर्वांत सोपे. अगदी सरळ आणि जाड केस कंगव्याखालून निसटतात. त्यांना लोशन जास्त आणि क्लिपा जास्त लागतात. खूप कुरळे केस ओले असताना आधी ताणून सपाट विंचरून घ्यावे लागतात, नाहीतर लाटेच्या आत कुरळेपणाची दुसरी लाट उठते. लेयर कट असेल तर आखूड बटा कडेतून बाहेर येतात, त्यांना जेलशिवाय इलाज नाही.

आपल्याकडे खरी अडचण तेलाची असते. तेल लावलेल्या केसात पाणीही नीट शिरत नाही आणि लोशनही धरत नाही. आदल्या दिवशी शांपूने स्वच्छ धुवा, कंडिशनर फक्त टोकांना, तोही कमी. ज्यांचे केस धुतल्यावर फार भुरभुरतात त्यांनी कंडिशनर अजिबात टाळू नये, पण मुळांपाशी त्याचा हात जाऊ देऊ नये.

लोशन: जवस आणि कांडोळ

बाजारात चांगलं स्टायलिंग जेल मिळतं आणि नवशिक्यांसाठी तेच ठीक. जेल घट्ट धरणारं घ्या आणि ते हाताच्या मागच्या बाजूला पातळ लावून वाळू द्या. वाळल्यावर चोळलं असता पांढरा भुगा पडला, तर तोच भुगा काळ्या केसांवर कोंड्यासारखा दिसणार आहे. ते जेल बाजूला ठेवा.

पण जुन्या काळात जेलच्या ट्यूबा नव्हत्या. वनस्पतींचे चिकट अर्क वापरले जात. पाश्चात्त्य घरांत बिहीदाणे उकळून त्यांचा बुळबुळीत अर्क काढत, कुणी जवस उकळत. पार्लरमधल्या वेव्ह लोशनमध्ये मात्र कराया डिंक असे, आणि हा डिंक मुख्यतः भारतातला. ज्या झाडाचा तो डिंक, ते आपलं कांडोळ: पांढऱ्या गुळगुळीत खोडाचं, उन्हाळ्यात पानं झडून उघडं पडणारं, म्हणून काही ठिकाणी ‘भुताचं झाड’ म्हणून ओळखलं जाणारं. सातपुड्यात आणि विदर्भातल्या जंगलात आदिवासी त्याचा डिंक गोळा करतात. तो पाण्यात पूर्ण विरघळत नाही, फुगतो आणि जाड बुळबुळीत होतो. केसांवर तो पातळ थर धरतो आणि पाण्याने धुतला जातो, म्हणून लाटांसाठी तो पसंत केला गेला.

घरी करायचं तर जवस सोपं. पाव कप जवस दोन कप पाण्यात घालून मध्यम आंचेवर ठेवा आणि ढवळत राहा, नाहीतर तळाला लागतात. सात ते दहा मिनिटांत पाणी दाट होऊ लागतं. चमचा उचलल्यावर तार सुटू लागली की लगेच बंद करा आणि गरम असतानाच पातळ मलमलच्या कापडातून किंवा जुन्या स्टॉकिंगमधून पिळून गाळा. थंड होईपर्यंत थांबलात तर ते गाळलंच जाणार नाही. फ्रीजमध्ये आठवडाभर टिकतं. वास बदलला की फेकून द्या. जवसाची पकड मऊ असते, हिवाळ्यात नागपूर-पुण्याकडे पुरते. पावसाळ्यात तीत निम्मं घट्ट जेल मिसळा. कोणतंही लोशन पहिल्यांदा लावताना कानामागे थोडंसं लावून एक दिवस थांबायला विसरू नका.

सामान

एक कंगवा, पण बरोबर कंगवा. सलूनमध्ये केस कापायला वापरतात तो, अर्धे दात बारीक आणि अर्धे विरळ असलेला, कडक आणि सरळ. शेपटीचा कंगवा भांग पाडायला लागतो. पाण्याची फवारणी करायची बाटली, सात-आठ लांब चपट्या क्लिपा, केसांची जाळी. मागचं बघायला हातातला आरसा. संपलं. बाजारात मिळणाऱ्या ‘फिंगर वेव्ह क्लिपा’, ज्या नुसत्या लावल्या की लाट दिसते, त्या विकत घेऊ नका. त्यांची लाट बाहेरून दिसते, आत कड नसते, आणि एका तासात सपाट होते.

पहिली कड

पहिला सराव स्वतःच्या डोक्यावर करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आरशात डावं-उजवं उलटं दिसतं, हात वर धरून दुखतात, आणि पाठीमागे काय चाललंय हे कळत नाही. डमी डोकं मिळालं तर उत्तम, नाहीतर बहीण किंवा मैत्रीण बसवा. दिशा कळल्यावर मग स्वतःकडे वळा.

ओले केस सरळ मागे विंचरा आणि तळहाताने माथ्यावरून पुढे ढकला. केस जिथे आपोआप दुभंगतात तो नैसर्गिक भांग. लाटा त्यावरच पाडा. मधोमध भांग हवाच असेल तर पाडा, पण बाजूचा भांग सोपा असतो, कारण मोठ्या बाजूला दोन-तीन लाटा आरामात बसतात. मोठ्या बाजूला एका वेळी जेवढं काम करणार तेवढ्यालाच लोशन लावा आणि बारीक दातांनी मुळापासून टोकापर्यंत विंचरा. लोशन ठिबकत नसेल पण केस चकचकीत दिसत असतील तर ते पुरेसं आहे.

आता कपाळापाशी, भांगापासून सुमारे चार सेंटिमीटर खाली, डाव्या हाताची तर्जनी केसांवर आडवी, भांगाला समांतर, घट्ट टेकवा. त्याआधी भांग ते बोट इतका भाग कंगव्याने मागच्या दिशेला गोलसर वळवून ठेवलेला असू द्या. उजव्या हातातला कंगवा तर्जनीच्या लगेच खाली, दात किंचित वर करून केसांत घाला आणि चेहऱ्याच्या दिशेने सुमारे अडीच सेंटिमीटर सरकवा. आडवा सरकवा. वर उचलू नका. कंगव्याच्या वरच्या बाजूला केसांची एक उभी घडी उठलेली दिसेल: तीच लाटेची कड. कंगवा काढायची घाई न करता तो डोक्यावर चपटा टेकवा, म्हणजे कड धरून राहील. मग डावा हात उचलून मधलं बोट कडेच्या वर आणि तर्जनी कंगव्याच्या दातांवर ठेवा आणि दोन्ही बोटं जवळ आणत कड चिमटा. कड उंच करायच्या मोहात तिला बोटांनी वर ओढू नका. ओढली की ती वाकडी होते, आणि पुढे काहीही केलं तरी ती सरळ होत नाही. कंगवा न काढता दात खाली फिरवा आणि केस गोलसर वळणाने खाली विंचरा. कडेखाली खळगा तयार होतो. एवढं झालं की पुढचा तुकडा, मग त्याच्या पुढचा, असं माथ्यापर्यंत जा. प्रत्येक तुकड्याची कड मागच्या कडेला जोडत जायची, त्यामुळे एका वेळी दोन-अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त हाती घेऊ नका.

दुसरी कड पहिलीच्या खाली, आणि दिशा उलटी. पहिली चेहऱ्याकडून माथ्याकडे गेली, तर दुसरी माथ्याकडून सुरू करून चेहऱ्याकडे या. पहिल्यात कंगवा पुढे सरकवला तर इथे मागे सरकवा. ही उलटसुलट दिशाच लाटेला नागमोड देते. ज्यांच्या लाटा सगळ्या एकाच अंगाला झुकलेल्या असतात, त्यांनी दुसरी कडही पहिलीसारखीच ओढलेली असते. दोन कडांमध्ये अंतर सारखं ठेवा. पहिल्या वेळी ते दोन बोटांच्या रुंदीएवढं धरा. जवळजवळच्या बारीक लाटा नंतरच्या.

भांगाच्या दुसऱ्या बाजूला केस कमी असतात, म्हणून तिथे सुरुवात कुठून करायची हे डोक्याच्या मागच्या बाजूकडे बघून ठरवा. मोठ्या बाजूची कड मागे जिथे संपली, तिथे छोट्या बाजूची कड येऊन जुळली पाहिजे, मध्ये खिंड पडायला नको. मागे मान झुकवून आरशात बघा. पुढून सुंदर दिसणाऱ्या कितीतरी लाटा मागे तुटलेल्या असतात, आणि फोटो मागूनही काढले जातातच.

बाकीच्या केसांत लाट पाडायची नसेल तर मानेवरची टोकं बोटाभोवती चपटी गुंडाळून पिन लावून ठेवा. त्यांचे छोटे वळसे होतात. काम करता करता केस वाळत असतील तर फवारणी मारा. कोरड्या केसात कंगवा सरकवून कड काढण्याचा प्रयत्न व्यर्थ आहे.

वाळवणं

कडेवर लांब क्लिपा समांतर लावा, आडव्या खळग्यात नाही, कारण तिथे त्यांचा व्रण राहतो. वर जाळी बांधा. पार्लरमधला डोक्यावर येणारा हुड ड्रायर असेल तर हनुवटीपर्यंतच्या केसांना मध्यम उष्णतेवर तीस ते पंचेचाळीस मिनिटं लागतात. कान आणि कपाळ कापसाने झाका. घरी पंख्याखाली काही तास लागतात. हातातल्या ड्रायरने घाई करायची असेल तर डिफ्यूझर लावा आणि हवा मंद ठेवा, नाहीतर लाटा उडून जातात. ओल्या केसांवर झोपू नका.

वाळले की नाही हे बघायला खळग्यात बोटाची मागची बाजू टेकवा. गार लागलं तर आत अजून पाणी आहे. कोमट-कोरडं लागलं तरी आणखी दहा मिनिटं थांबा, कारण वरचा थर आतल्या थराच्या आधी वाळतो. क्लिपा गार झाल्यावरच काढा. कुरकुरीत लाटा तशाच ठेवायच्या असतील तर थोडं सीरम हाताला चोळून वरून फिरवा. मऊ हव्या असतील तर बोटांनी हलकेच कड मोकळी करून विरळ दातांचा कंगवा टोकाकडून मुळाकडे घ्या. लाट मोठी होते, पण ओळखीची राहते.

लांब केस आणि साडी

आपल्याकडे बहुतेकींचे केस लांब. संपूर्ण लांबीवर लाटा पाडायच्या नादी लागू नका, त्या पाठीवर पोचेपर्यंत उतरलेल्या असतात. एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत माथ्यावरून रेघ काढून पुढचा भाग वेगळा करा, मागचे केस मानेवर खाली अंबाड्यात घट्ट बांधा. पुढच्या भागात दोन्ही बाजूंना दोन-तीन लाटा बसवा, त्यांची टोकं कानामागून नेऊन अंबाड्याच्या मुळाशी आकड्यांनी अडकवा. साध्या किनारीच्या साडीवर आणि मागे एकाच मोगऱ्याच्या गजऱ्यावर हे फार छान दिसतं. भरगच्च दागिने घातले की मात्र लाटांकडे कोणी बघत नाही, त्यामुळे एक कानातलं आणि लाटा, एवढ्यावर थांबा.

धुताना आधी कोमट पाणी भरपूर ओता, लोशन विरघळू द्या, मग शांपू. घट्ट वाळलेल्या केसांत कोरडा ब्रश घालून ओढलं तर केस तुटतात.

एकांकिका किंवा जुन्या काळातलं नाटक करणाऱ्या रंगभूषाकारांना एक सांगायचं आहे. १९३० च्या दशकातलं पात्र म्हणजे लाटा, असा नेम धरू नका. मुंबईतली चित्रपट नटी, फॅशनची आवड असलेली अँग्लो-इंडियन किंवा पारशी तरुणी, विलायतेहून परतलेली श्रीमंत घरातली मुलगी यांच्यावर त्या खऱ्या वाटतील. पण सदाशिव पेठेतल्या वाड्यात नऊवारी नेसून वावरणारी घरंदाज बाई अशा लाटांत प्रेक्षकांना खोटीच वाटेल. तिला तेल, फणी आणि मानेवरचा अंबाडाच शोभतो.